खेळात राजकारण नको, हे नक्की कुणाला सांगताय?

"खेळात राजकारण आणू नका." हे वाक्य माझ्या पोस्टखाली इतक्या वेळा आलंय की आता नाव न वाचताही लिहिणारा कोण ते ओळखू येतं. वाक्य वाईट नाही. दिवसभर बातम्या ऐकून डोकं पिकलेल्या माणसाला संध्याकाळी दोन तास निखळ मॅच बघायची असते, यात चूक काय? माझी हरकत वेगळी आहे. हे वाक्य कधी कपाटातून बाहेर निघतं आणि कधी गपचूप परत कपाटात जातं, ते जरा बघा.

२०२५ च्या सप्टेंबरातला दुबईचा आशिया कप आठवा. १४ तारखेला आपण पाकिस्तानला हरवलं आणि हस्तांदोलन न करता आपली पोरं आत निघून गेली. आपल्या मुंबईच्या सूर्यकुमार यादवने विजय सैन्यदलांना अर्पण केला, पहलगामच्या कुटुंबांबरोबर आम्ही आहोत असं सांगितलं. आयसीसीने त्याची ३० टक्के मॅच फी कापली. २८ तारखेला फायनल जिंकल्यावर तर मोहसिन नक्वींच्या हातून करंडकच घेतला नाही. नक्वी म्हणजे आशियाई क्रिकेट कौन्सिलचे अध्यक्ष, पाकिस्तान बोर्डाचे अध्यक्ष आणि पाकिस्तानचे गृहमंत्रीसुद्धा. पोरांनी हवेतलाच करंडक उचलून फोटो काढले. गावागावांत फटाके वाजले.

मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसं होती. मैदानावरच्या अकरा जणांना त्याचं काहीच वाटू नये, असं मी म्हणणार नाही. (सामना खेळायचा, त्यावरच्या जाहिराती घ्यायच्या, फक्त हात मिळवायचा नाही, हा हिशेब मात्र मला आजवर जमलेला नाही. एवढी चीड होती तर सामनाच नको होता. पण तो निर्णय पोरांच्या हातात नव्हता.)

माझा मुद्दा एवढाच की ते राजकारण होतं. शुद्ध, उघड, मैदानाच्या मधोमध केलेलं राजकारण. आणि त्या आठवड्यात "खेळात राजकारण नको" म्हणणारे माझे नेहमीचे मित्र कुठेच दिसले नाहीत.

आता दोन वर्षं मागे चला. १८ जानेवारी २०२३. विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतर-मंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले, आजही नाकारतात. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचं प्रकरण २०२५ च्या मे महिन्यात कोर्टाने बंद केलं, बाकीच्या महिला मल्लांच्या तक्रारींवर २०२४ मध्ये कोर्टाने आरोप निश्चित केले. खरंखोटं कोर्टाने ठरवायचं, मी इथे निकाल द्यायला बसलेलो नाही. मला त्या आंदोलनातली एक छोटी गोष्ट सांगायची आहे, जी बहुतेक जण विसरले.

दुसऱ्याच दिवशी माकपच्या नेत्या बृंदा करात पाठिंबा द्यायला तिथे गेल्या. मल्लांनी त्यांना हात जोडून मंचावरून खाली उतरायला सांगितलं. का? तर हे खेळाडूंचं आंदोलन आहे, याला राजकीय रंग नको.

म्हणजे "खेळात राजकारण नको" हे वाक्य त्या पोरांनी मनापासून पाळलं होतं. त्यांचा त्यावर विश्वास होता. क्रीडा मंत्रालयाने मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पोरं मुकाट घरी गेली. तीन महिने वाट पाहिली. समितीचा अहवाल लोकांसमोर आला नाही. गुन्हाही नोंदवला गेला नाही. मग २३ एप्रिलला पुन्हा जंतर-मंतर, आणि या वेळी मात्र ज्याला यायचंय त्याने यावं, सगळ्या पक्षांना दार उघडं. गुन्हा नोंदवला गेला तो २८ एप्रिलला, तोही प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर. आंतरराष्ट्रीय पदकं गळ्यात असलेल्या बायकांना साधा एफआयआर नोंदवून घ्यायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं.

पक्षांपासून लांब राहून काय मिळालं? तीन महिने. एवढंच.

त्या दिवसांत भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा म्हणाल्या की असं रस्त्यावर बसणं ही बेशिस्त आहे, यामुळे देशाची प्रतिमा खराब होते. उषाताई आमच्या पिढीचं दैवत. म्हणून ते जास्त लागलं. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, याच मल्लांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेलं आणि जंतर-मंतरवरचे तंबू उखडले. ३० मे रोजी ते पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले, शेतकरी नेत्यांनी समजूत घालून परत आणलं. २१ डिसेंबरला महासंघाच्या निवडणुकीत ब्रिजभूषण यांचे जवळचे सहकारी निवडून आले, तेव्हा साक्षीने पत्रकार परिषदेत कुस्तीचे बूट टेबलावर काढून ठेवले आणि निवृत्त झाली. ऑलिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला मल्ल, वय ३१.

पुढे विनेश आणि बजरंग काँग्रेसमध्ये गेले, विनेश हरियाणात आमदार झाली. लगेच माझ्या इनबॉक्समध्ये मेसेज, "बघा, म्हणत होतो ना? सगळं राजकारणच होतं." ठीक आहे राव, पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते सहा वेळा निवडून आलेले खासदार होते! खासदाराने दहा-बारा वर्षं कुस्तीचा महासंघ चालवला तर त्याला क्रीडासेवा म्हणायचं, आणि मल्ल आमदार झाली तर ते राजकारण?

खेळात राजकारण आणायला नको, ते आत जाऊन सोफ्यावर बसून चहा पितंय कधीपासून. पाकिस्तानच्या बोर्डाचा अध्यक्ष त्यांचा गृहमंत्री आहे म्हणून आपण हसलो. आयसीसीचे अध्यक्ष आपल्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव आहेत. आणि दिल्लीकडे बोट कशाला दाखवायचं? मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या २००१ च्या निवडणुकीत शरद पवारांसमोर कोण हरलं? अजित वाडेकर. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकून देणारा कर्णधार. २०११ मध्ये विलासराव देशमुखांसमोर कोण हरलं? दिलीप वेंगसरकर. लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं ठोकणारा माणूस. मुंबईच्या क्रिकेट क्लबांना आपला अध्यक्ष म्हणून दोन्ही वेळा माजी कर्णधारापेक्षा राजकीय नेता बरा वाटला. पवारांनी प्रशासन चांगलं केलं की वाईट हा वेगळा विषय. माझ्या मते पुष्कळ गोष्टी चांगल्या केल्या. पण २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावर सचिनने ट्वीट केलं तेव्हा याच पवारसाहेबांनी त्याला सल्ला दिला की आपल्या क्षेत्राबाहेरच्या विषयावर बोलताना काळजी घ्यावी. सल्ला देणारे स्वतः आयसीसीचे माजी अध्यक्ष! मला ते ट्वीट अजिबात पटलं नव्हतं, तरी त्या दिवशी हसू आवरलं नाही.

तेव्हा हा एका पक्षाचा रोग नाही. सगळ्यांना खुर्ची हवी आहे, आणि खेळाडू गप्प हवा आहे.

आयसीसीचं बघा. ८ मार्च २०१९, रांची. पुलवामानंतर आपल्या संघाने सैन्याच्या रंगाच्या टोप्या घातल्या, मॅच फी राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली. आयसीसीची परवानगी होती. कारण दिलं गेलं की हे निधी संकलन आहे आणि शहीद जवानांचं स्मरण आहे. चांगलं झालं. पण २०१४ मध्ये साउदम्प्टनला, आपल्याचविरुद्धच्या कसोटीत, मोईन अलीने गाझासाठी मनगटाला पट्टा बांधला तर तो काढायला लावला. २०२३ च्या डिसेंबरात पर्थला उस्मान ख्वाजाने बुटांवर लिहिलं की सगळ्यांचे जीव सारखे. ते बूट घालू दिले नाहीत. मग त्याने दंडावर काळी पट्टी बांधली, त्याबद्दल समज दिली. पुढच्या कसोटीला त्याला कबुतराचं चित्र लावायचं होतं. तेही नाकारलं. शांतीचं कबुतर, मित्रांनो!

याच्यामागचं सूत्र काय, म्हणून मी बराच विचार केला. वरून परवानगी मिळाली की त्याला देशप्रेम, श्रद्धांजली, सामाजिक संदेश यांपैकी काहीतरी म्हणतात. खालून मागणी आली की ते राजकारण. २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये आपल्या संघाने वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकवला. कोहलीने नंतर सांगितलं की तसं करायचं आहे हे संघ व्यवस्थापनाकडून कळवण्यात आलं होतं. म्हणजे निषेधसुद्धा वरून आदेश आल्यावर. त्याच सामन्यात आपण हरलो आणि लोक शमीच्या धर्मावर उतरले. तेव्हा कोहली जे बोलला ते कुणी कळवलेलं नव्हतं. खणखणीत बोलला, आणि त्याची किंमत त्यालाही शिव्यांच्या रूपात मोजावी लागली.

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. मला काळजी आहे ती आपल्या इथल्या पोरांची. दोनेक वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका कबड्डीपटू मुलीच्या वडिलांनी मला निवड चाचणीतला घोळ सांगितला. नावं ठरलेली होती, चाचणी नंतर झाली. मी म्हटलं, लिहितो. ते म्हणाले, "नको दादा. पोरीचं अजून ज्युनियरचं एक वर्ष शिल्लक आहे. पोस्ट टाकली तर तेवढंही जाईल." मी लिहिलं नाही, आजही नाव लिहीत नाही. पण यातली मेख समजून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी स्पर्धा खेळलेली लागते, स्पर्धेसाठी निवड लागते आणि निवड संघटनेच्या हातात. खेडेगावातल्या पोरीसाठी खेळ म्हणजे पदक नंतर, आधी पोलीस भरती आणि तलाठ्याची नोकरी. तिला "राजकारण करू नकोस" असं कुणी बजावायचीही गरज पडत नाही.

आणि महाराष्ट्रात खेळाडूंनी आवाज उठवण्याची परंपरा नाही, असं कुणी म्हणू नये. पळवणकर बंधूंचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं. बाळू पळवणकर चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर खेळपट्टी झाडायची, जाळ्या लावायच्या, साहेबांना बॉलिंग टाकायची, असं करत डावखुरा स्पिनर तयार झाला. गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर या माणसाने ११४ विकेट घेतल्या. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर बाळूंना संघातूनच वगळलं आणि भाऊ विठ्ठल याला डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी जाहीर पत्रक काढलं आणि खेळायला नकार दिला.

शंभर वर्षांपूर्वी, ना करार ना मीडिया, ना मागे कुठला पक्ष. गाजावाजा झाला, निवडकर्त्यांना नमतं घ्यावं लागलं, भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केलं. आणि १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला, गोऱ्यांना हरवून लोकांच्या खांद्यावर बसून मैदानाबाहेर आला. तेव्हाही कुणीतरी नक्की म्हणालं असेल, खेळात जात कशाला आणता! जात आधीपासून होतीच की, चहाच्या भांड्यात. भावांनी फक्त तिकडे बोट दाखवलं. (पुढे १९३७ मध्ये बाळू काँग्रेसकडून थेट बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढले आणि हरले. ती गुंतागुंत एका पोस्टमध्ये मावणारी नाही, पुन्हा कधीतरी.)

आपले खाशाबा जाधव घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या निवडीत त्यांना डावललं जात होतं. त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावायला लावली आणि जिंकून दाखवली. मुकाट राहिले असते तर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कराडला आलं नसतं.

आता कुणी विचारेल, म्हणजे प्रत्येक खेळाडूने प्रत्येक विषयावर बोलायचं का? अजिबात नाही. उलट त्याचीही मला भीती वाटते. पहलगामच्या आधी नीरज चोप्राने आपल्या भालाफेक स्पर्धेचं निमंत्रण जगातल्या इतरांबरोबर पाकिस्तानच्या अर्शद नदीमला पाठवलं होतं. हल्ला नंतर झाला. तरी लोकांनी त्याच्या आईपर्यंत शिव्या पोचवल्या आणि देशाला सुवर्ण देणाऱ्या, सैन्यात असलेल्या त्या पोराला देशप्रेमाचा खुलासा लिहावा लागला. बोलायचा हक्क असेल तर गप्प बसायचाही हक्क हवा. ज्याला फक्त भाला फेकायचा आहे त्याला तो फेकू द्या. क्रिकेटपटूंनी मल्लांसाठी तोंड उघडलं नाही याचा मला राग आला होता, आजही आहे. बोलले ते अगदी मोजके, आणि त्यात नीरज होता, हे विसरू नका. पण राग येणं वेगळं आणि जबरदस्तीने शपथ घ्यायला लावणं वेगळं.

माझी कसोटी साधी आहे. निषेध करणाऱ्याने स्वतःचं काय पणाला लावलंय ते बघायचं. १० फेब्रुवारी २००३, हरारे. वर्ल्डकपचा सामना, झिम्बाब्वे विरुद्ध नामिबिया. अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळ्या पट्ट्या बांधून उतरले, आपल्या देशातल्या लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून. तिथे मुगाबेंचं राज्य होतं. फ्लॉवरची कारकीर्द तशीही संपत आली होती. पुढे तो काउंटी खेळला, इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. ओलोंगा झिम्बाब्वेकडून खेळणारा पहिला काळा क्रिकेटपटू होता, वय २६. त्याला देश सोडावा लागला, झिम्बाब्वेसाठी तो पुन्हा कधी खेळला नाही. शारजात सचिनने ज्याला फोडून काढलं तो ओलोंगा, एवढीच त्याची आपल्याकडे ओळख. आपल्याला हिरो निवडायची अक्कल कमी आहे, दुसरं काय.

आणि देशाने किंमत मोजलेलं उदाहरण हवं असेल तर १९७४ चं डेव्हिस कप. अमृतराज बंधूंच्या संघाने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला, मग आपल्या पुण्यात सोव्हिएत संघाला हरवलं आणि फायनल गाठली. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. भारत खेळलाच नाही, कप त्यांना देऊन टाकला. त्या पिढीच्या टेनिसपटूंचं केवढं नुकसान झालं! पण तिथे कुणी सामना खेळून, तिकिटं विकून, वर हात मिळवला नाही म्हणून शाबासकी घेतली नाही.

असो. आता पुढे काय, ते सांगतो, कारण नुसतं चिडून उपयोग नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य, त्यात किमान चार खेळाडू, किमान चार महिला. खेळाडूंची स्वतंत्र समिती. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण. तक्रारींसाठी यंत्रणा आणि वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरण. जंतर-मंतरवर पोरींनी जे मागितलं होतं त्यातलं बरंचसं कागदावर आलंय, आणि ते रस्त्यावर बसल्याशिवाय आलं असतं असं मला वाटत नाही. कमतरताही आहेत. माहिती अधिकार फक्त सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांना लागू, म्हणजे बीसीसीआय पुन्हा अलगद बाजूला. पंधरात चार खेळाडू म्हणजे अकरा जण बाकीचेच. आणि ते चार कोण असतील? प्रश्न विचारणारे, की सांगेल तिथे सही करणारे?

हे झालं राष्ट्रीय महासंघांचं. पण आपल्या पोरांची पहिली निवड दिल्लीत होत नाही, जिल्ह्यात होते. म्हणून एक काम सांगतो. आपापल्या जिल्ह्यातल्या कुस्ती, कबड्डी, खो-खो, क्रिकेट, जी जवळची असेल त्या संघटनेच्या कार्यकारिणीची यादी काढा. अध्यक्ष कोण, किती वर्षांपासून, शेवटची निवडणूक कधी झाली, यादीत तो खेळ स्वतः खेळलेले किती आणि महिला किती. खाली कमेंटमध्ये टाका. ज्यांची मुलं अजून निवडीच्या रांगेत आहेत त्यांनी उघड लिहू नका, मला मेसेज करा. यादी मी माझ्या नावाने टाकेन.